सिस्टमडीची (लिनक्समध्ये प्रोग्राम सुरू करणारी आणि सांभाळणारी यंत्रणा) सर्व्हिस हाताने सुरू केली की चालते, पण रीबूट झालं की पडते. रिक्वायर्स= लिहूनही असं का होतं?

तुम्ही दिलेल्या माहितीवरून चित्र असं दिसतं: डेबियन 12 (लिनक्स), जँगो-गुनिकॉर्न (पायथनमधलं वेब ॲप आणि ते चालवणारा सर्व्हर), त्याच मशीनवर पोस्टग्रेस (डेटाबेस). सर्व्हिस सुरू होण्याआधी एक्झेकस्टार्टप्री= मधून मायग्रेट (डेटाबेसची रचना ताजी करणारी जँगोची कमांड) चालतं. युनिटमध्ये (सर्व्हिसच्या सेटिंग फाइलमध्ये) रिक्वायर्स=पोस्टग्रेएसक्यूएल.सर्व्हिस आणि रीस्टार्ट=ऑन-फेल्युअर (पडली की पुन्हा सुरू कर) आहे. लाईट जाऊन आली की लॉगमध्ये पाच वेळा 'कनेक्शन रिफ्यूज्ड' आणि शेवटी 'स्टार्ट रिक्वेस्ट रिपीटेड टू क्विकली'.

पायथनमध्ये काही शोधत बसू नका, गडबड युनिट फाइलमध्ये आहे. रिक्वायर्स= चा अर्थ 'मला पोस्टग्रेसही हवा' एवढाच. 'आधी तो, मग मी' हे त्यात कुठेच येत नाही. ते आफ्टर= चं काम, आणि तुमच्या फाइलमध्ये आफ्टर= नाहीच. त्यामुळे सिस्टमडी दोघांना एकदमच सोडतं. पोस्टग्रेस अजून पोर्ट उघडतोय तोवर तुमचं मायग्रेट जाऊन आपटतं. उलट नुसतं आफ्टर= लिहिलं, तर क्रम पाळला जाईल, पण पोस्टग्रेस दुसऱ्या कुणी सुरू केला तरच. दोन्ही ओळी लागतात.

आता ते पाच वेळा का, तर सिस्टमडीची मूळ मर्यादाच 10 सेकंदांत 5 वेळा सुरू करण्याची आहे. दोन प्रयत्नांमधला मूळ विराम फक्त 100 मिलिसेकंद. म्हणजे पाचही संधी काही सेकंदांत उधळल्या जातात आणि पोस्टग्रेस तयार होतो तेव्हा विचारायला कुणी उरलेलंच नसतं. हा विराम ठरवणारं रीस्टार्टसेक=5 करा. पाच-पाच सेकंदांनी प्रयत्न झाले तर 10 सेकंदांत पाच भरतच नाहीत, मर्यादेला हात लावायची गरज नाही.

आता डेबियनची खास गोष्ट, जी बऱ्याच जणांना चकवते. पोस्टग्रेएसक्यूएल.सर्व्हिस हे नावापुरतं युनिट आहे. ते /बिन/ट्रू (काहीच न करणारी कमांड) चालवतं आणि मोकळं होतं, म्हणून स्टेटसमध्ये 'ॲक्टिव्ह (एक्झिटेड)' दिसतं. खरा डेटाबेस पोस्टग्रेएसक्यूएल@15-मेन.सर्व्हिस मध्ये असतो. क्रमाची काळजी नको, कारण त्या खऱ्या युनिटमध्ये बिफोर=पोस्टग्रेएसक्यूएल.सर्व्हिस लिहिलेलं आहे, तुमचं आफ्टर= नीट चालेल. पण खरा क्लस्टर (@15-मेन मधला डेटाबेस) पडला तरी नावापुरतं युनिट हिरवंच राहतं! तेव्हा 'डेटाबेस नसेल तर माझी सर्व्हिसही नको' अशी जी हमी तुम्हाला रिक्वायर्स= मधून हवी होती, ती इथे मिळतच नाही. वर पोस्टग्रेस रीस्टार्ट केला की तुमची सर्व्हिसही त्याच्यासोबत रीस्टार्ट होते, तो ताप वेगळाच. मी तिथे वॉन्ट्स= लिहीन, म्हणजे 'पोस्टग्रेसही सुरू कर, पण तो पडला तरी मला पाडू नकोस'.

म्हणजे [युनिट] विभागात वॉन्ट्स=पोस्टग्रेएसक्यूएल.सर्व्हिस आणि आफ्टर=पोस्टग्रेएसक्यूएल.सर्व्हिस, [सर्व्हिस] विभागात रीस्टार्टसेक=5. रिक्वायर्स= ची ओळ मूळ फाइलमधूनच काढा. ओव्हरराइड फाइलमध्ये (मूळ फाइलला जोडलेल्या वेगळ्या फाइलमध्ये) रिक्वायर्स= रिकामं लिहून ते रद्द होत नाही; अवलंबनं तिथे फक्त वाढवता येतात. मग बदललेल्या फाइली पुन्हा वाचल्या जाव्यात म्हणून सिस्टमसीटीएल डेमन-रीलोड.

दरवेळी रीबूट करून बघायची गरज नाही. पोस्टग्रेएसक्यूएल आणि तुमची सर्व्हिस दोन्ही थांबवा, रीसेट-फेल्ड द्या (जुन्या अपयशाची नोंद पुसली जाते) आणि फक्त तुमची सर्व्हिस सुरू करा. पोस्टग्रेस आपोआप आणि आधी उठला पाहिजे. लॉग बघताना जर्नलसीटीएल -बी ला दोन्ही युनिटं एकदम द्या (-यू दोनदा, त्यात @15-मेन वालं) आणि -ओ शॉर्ट-मोनोटॉनिक लावा. बूटपासून कितव्या सेकंदाला कोण उठलं आणि कोण पडलं, ते एकाखाली एक दिसतं.

कुणीतरी 'स्लीप 30 टाक' असं सांगेलच. नका टाकू. चांगल्या दिवशी तीस सेकंद फुकट जातात आणि ज्या दिवशी डिस्क तपासणी लांबते त्या दिवशी तीसही पुरत नाहीत. अचानक लाईट गेल्यावर पोस्टग्रेसला स्वतःची सावरासावर करावी लागते, तेव्हा 'द डेटाबेस सिस्टिम इज स्टार्टिंग अप' असंही उत्तर येऊ शकतं. पुन्हा प्रयत्न करणारी सर्व्हिस त्यातून सुटते, झोपून उठलेली सुटेलच असं नाही.

पुढेमागे डेटाबेस दुसऱ्या मशीनवर हलवलात, तर आफ्टर=नेटवर्क.टार्गेट वर विसंबू नका. नेटवर्क लागलं, पत्ता मिळाला, असं ते काहीच सांगत नाही. तिथे नेटवर्क-ऑनलाइन.टार्गेट लागतं, तेही वॉन्ट्स= आणि आफ्टर= दोन्हींत. शिवाय तुमचं नेटवर्क जे सांभाळतं, त्याची वेट-ऑनलाइन सर्व्हिस इनेबल आहे का ते बघा. नसेल तर ते टार्गेट कुणाचीही वाट न बघता पार होतं.