विक्कामधली चिन्हं: चांदणी उलटी झाली की सैतानाची होते का?

विक्कामधल्या चिन्हांचे अर्थ काय आणि पाच टोकांची चांदणी उलटी झाली की ती सैतानाची होते का, असे दोन प्रश्न तुम्ही विचारलेत. आधी दुसरा घेतो. विक्कात तरी तसं नाही. विक्का हा जादूटोणा आणि निसर्गपूजा मानणारा आधुनिक पंथ. जेराल्ड गार्डनर यांनी १९५०च्या दशकात इंग्लंडमध्ये तो लोकांसमोर आणला. त्यांच्या परंपरेत दीक्षेच्या तीन पायऱ्या आहेत आणि दुसऱ्या पायरीची खूणच मुळी खाली टोक असलेली चांदणी आहे. उलट्या चांदणीला वाईट ठरवलं ते १९व्या शतकातल्या एलिफास लेवी या फ्रेंच लेखकानं. पुढे १९६६ साली अमेरिकेत निघालेल्या चर्च ऑफ सेटन या सैतानपंथी संघटनेनं तिच्यात बोकडाचं तोंड बसवलेलं चिन्ह वापरलं आणि तोच अर्थ लोकांच्या डोक्यात पक्का बसला. म्हणून गळ्यात घालायची असेल तर टोक वरच ठेवा, उगाच गैरसमज नको. अमेरिकेत तर २००७ पासून विक्कन सैनिकांच्या सरकारी थडग्यांवरही हीच सरळ चांदणी कोरता येते.

सरळ चांदणीचं वरचं टोक आत्मतत्त्वाचं. तिथून घड्याळाच्या काट्याप्रमाणे पाणी, अग्नी, पृथ्वी, वायू. ही चांदणी कोरलेली तबकडी म्हणजे पेंटॅकल. वेदीवर ती पृथ्वीतत्त्वाची असते.

चांदणी स्वतः काढणारे हमखास एका ठिकाणी चुकतात. वर्तुळ काढल्यावर परकार तसाच ठेवून परिघावर खुणा करत जातात, मग पाचऐवजी सहा खुणा पडतात, कारण त्रिज्येएवढ्या अंतरानं ६० अंशच होतात. आपल्याला हवेत ७२. कोनमापक मध्यबिंदूवर ठेवून दर ७२ अंशांवर खूण करा आणि एक खूण सोडून पुढची जोडत जा. त्रिज्या ५ सेंमी असेल तर प्रत्येक रेषा साधारण ९.५ सेंमी भरते. एखादी कमीजास्त भरली तर खूण सरकली आहे. कोरण्याआधीच ती दुरुस्त करा.

अथामे ही काळ्या मुठीची दुधारी सुरी. तिनं विधीचं वर्तुळ आखतात, कापाकापी करत नाहीत. त्यासाठी पांढऱ्या मुठीची वेगळी सुरी असते. अथामे कुणी अग्नीची मानतं, कुणी वायूची, आणि त्यानुसार विधीतल्या छडीचं तत्त्व बदलतं. दोन पुस्तकांत वेगवेगळं दिसलं तर गोंधळू नका, पण एका वेदीवर एकच पद्धत पाळा. चषक मात्र बहुतेक सगळीकडे पाण्याचा आणि देवीचा.

त्रिचंद्र म्हणजे तीन चंद्रांचं देवीचं चिन्ह. त्यात डावी कोर शुद्ध पक्षाची, मधे पौर्णिमा, उजवी वद्य पक्षाची. ही अनुक्रमे देवीची कुमारी, माता, वृद्धा अशी रूपं. दोन्ही कोरींचा फुगवटा मधल्या चंद्राकडे आणि टोकं बाहेर हवीत. टोकं आत वळलेली असली तर वद्य पक्ष आधी येतो आणि क्रमच उलटतो. हे गणित उत्तर गोलार्धातलं आहे. ऑस्ट्रेलियात वाढत्या चंद्राची डावी बाजू उजळते.