पहिल्यांदाच सॅल्मनच्या नदीवर: तुमचे प्रश्न

बेळगाव, निपाणी, खानापूरकडची बरीच पोरं आता स्कॉटलंड, कॅनडाला आहेत, आईवडील भेटायला गेले की हौसेनं सॅल्मन पकडायला नेतात, त्यामुळं हे प्रश्न सारखे येतात. मी स्कॉटलंडमधल्या टे नदीवर बरेच सीझन काढलेत, त्यावरून सांगतो.

निपाणीहून एक काका: जूनमधे मुलाकडं चाललोय, त्यानं टे नदीवर तीन दिवसांचं बुकिंग केलंय. किती मासे मिळतील?

काका, एकही मिळणार नाही असं धरूनच जा. अटलांटिक सॅल्मन समुद्रातून नदीत शिरला की खाणंच बंद करतो, अंगातल्या चरबीवर महिनोन् महिने काढतो. भूकच नाही त्याला, तुमच्या फ्लायला, म्हणजे गळावर बांधलेल्या नकली किड्याला, तोंड घालतो ते चिडून नाहीतर सवयीनं. मला पहिला मासा लागला तो दुसऱ्या वर्षी, तोपर्यंत रोज नुसता पाण्यात उभा. याच नदीवर 1922 मधे जॉर्जिना बॅलन्टाइन या बाईंनी 64 पौंडाचा सॅल्मन काढला, ब्रिटनमधला गळाचा रेकॉर्ड अजून तोच आहे, मुलानं ते सांगितलंच असेल, पण तो आकडा डोक्यातनं काढून टाका.

बाकी सगळं पाण्यावर. आपल्याकडं मृगाचा पाऊस झाला की ओढ्याला चढणीचे मासे येतात ना, सॅल्मनचंही तेच, नदी फुगून गढूळ झाली आणि मग उतरून निवळायला लागली की तो दिवस तुमचा, आणि आठवडाभर ऊन पडलं तर कितीही पैसे भरा. नदीवरचा गिली म्हणजे वाटाड्या जिथं उभं करेल तिथंच उभं राहा. आणि तीन दिवसांत रविवार येत नाही ना बघा, स्कॉटलंडमधे रविवारी सॅल्मन पकडायला कायद्यानंच बंदी आहे.

बेळगाव कॅम्पातून: सॅल्मन म्हणजे आपला रावसच ना?

नाही ताई. रावसाला इंडियन सॅल्मन म्हणतात एवढंच, कूळ वेगळं. रावस आपल्या किनाऱ्याचा, सॅल्मन थंड पाण्याचा, जन्म नदीत, वाढ समुद्रात, अंडी घालायला परत नदीत.

खानापूरहून: मलप्रभेवर लहानपणापासून गळ टाकतोय, चिलापी, मरळ सगळं काढलंय. उपयोग होईल का?

धीर आहे तुमच्याकडं, तो उपयोगी पडेल. पण एक सवय घातक ठरेल. आपण पाण्यावर तरंगणारं बेंड बुडालं की हिसका मारतो, हात आपोआप वर जातो. सॅल्मनला तसा हिसका दिलात की फ्लाय त्याच्या तोंडातनं निघून येते. दोरी वाहत्या पाण्यात आडवी फिरत असते, मधेच जड होते, जणू ओल्या पोत्यात अडकली, मग रीळ कर्र करून थोडी दोरी सोडते. तिथं काहीच करायचं नाही. मासा वळू दे, दोरी ताणू दे, मग दांडी सावकाश उचला. दोरी फेकायची प्रॅक्टिस इथंच करा, बेळगावात व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर सकाळी फ्लायच्या जागी लोकरीचा तुकडा बांधून, पंधरा दिवस अर्धा अर्धा तास. तिथं जाऊन शिकायला बसलात तर पहिला दिवस त्यातच जातो.

चिकोडीहून: मुलगा व्हँकुव्हरला शिकतो. तिथं सोपं आहे का, आणि मासा घरी नेता येतो का?

थोडं सोपं आहे. पॅसिफिक सॅल्मनच्या जाती जास्त, आणि फ्रेझर नदीत विषम वर्षी पिंक सॅल्मन प्रचंड संख्येनं चढतात, नवख्यानं तेव्हाच जावं. मात्र कुठली नदी कधी उघडी हे सरकार दरवर्षी ठरवतं, लायसन्स काढताना बघून घ्या. गळाला उलटा काटा चालत नाही. कोहो जातीचा सॅल्मन लागला तर शेपटीच्या अलीकडं पाठीवर छोटा मांसल पर असतो तो बघा, कापलेला असेल तर हॅचरीचा, म्हणजे केंद्रात वाढवून सोडलेला, शाबूत असेल तर जंगली, आणि जंगली कोहो बहुतेक ठिकाणी सोडावाच लागतो. तो पाण्याबाहेर काढूच नका, फोटोसाठीही नाही. हात ओले करून शेपटीजवळ धरा, तोंड प्रवाहाकडं करा, आणि तो स्वतः झटका देऊन सुटेपर्यंत थांबा, मग दोन मिनिटं लागू देत नाहीतर दहा.