पहिल्या नोकरीसाठी डायरी कोणती?

प्रश्न : जुलैत अंधेरीला पहिली नोकरी सुरू होतेय. लोकलने ये-जा असेल. कामांच्या नोंदी कागदावरच ठेवायच्या आहेत. डायरी कशी निवडू?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : जुलैत तारखा छापलेली डायरी घेऊ नका, अर्धी पानं फुकट जातात. बिनतारखेची ए-५ (१४८ × २१० मिमी) घ्या. रोज एक पान असलेली जाडजूड होते. गर्दीच्या गाडीत ते ओझं नको. समोरासमोरच्या दोन पानांत आठवडा मावणारी बरी : डावीकडे वार, उजवीकडे कामांची यादी.

कागद किमान ८० जीएसएम (म्हणजे दर चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाचा) हवा. पातळ कागदावर जेल पेनची शाई मागे उमटते. शिवाय ती पाण्यात पसरते, म्हणून पावसाळ्यात साधं बॉलपेनच वापरा आणि डायरी झिपच्या प्लास्टिक पाऊचमध्ये ठेवा. स्पायरल बॅगेत दबून वाकतं, मग पानं अडकतात. शिवलेली बांधणी टिकते आणि सपाट उघडते. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या अब्दुल रहमान स्ट्रीटवर भरपूर प्रकार हाताळून बघता येतील.

शुक्रवारी उरलेली कामं पुढच्या आठवड्यात उतरवा. एखादं तिसऱ्यांदा पुढे ढकललं जात असेल, तर ते खरंच हवंय का, हे वरिष्ठांना विचारा.