भाषा ठरली, आता कंपनी कशी शोधावी?

प्रश्न : मी नऊ वर्षे जावामध्ये काम करतो आहे. गेली दोन वर्षे सवडीने एलिक्सर ही दुसरी प्रोग्रॅमिंग भाषा शिकलो आणि आता पूर्ण वेळ त्याच भाषेत काम करावे, असे मनात आहे. नोकरीच्या संकेतस्थळांवर मात्र शोध घ्यायचा तो पदनाम, पगार आणि ठिकाण यांवरून. ‘एलिक्सर’ असे लिहून पाहिले, तर बहुतेक जाहिरातींत तो शब्द पंधरा तंत्रज्ञानांच्या यादीच्या शेपटाला सापडतो. एखादी कंपनी खरोखर काय वापरते, हे बाहेरून कसे ओळखावे? संकेतस्थळाचे तंत्रज्ञान सांगणारी साधने यासाठी उपयोगी पडतात का?

उत्तर : पडतात, पण ओसरीवरून माजघराचा जेवढा अंदाज येतो तेवढीच. वॅपलायझर किंवा बिल्टविथ यांसारखी साधने पानासोबत ब्राउझरकडे येणारा मजकूर, हेडर (पानासोबत येणारी तांत्रिक माहिती), कुकींची (संकेतस्थळ ब्राउझरमध्ये ठेवते त्या छोट्या नोंदींची) नावे आणि फाइलींचे पत्ते वाचून तर्क करतात. हे काम आपल्यालाही करता येते. ब्राउझरमधील डेव्हलपर टूल्स उघडून कुकी पाहाव्यात : ‘जेसेशनआयडी’ दिसली तर मागे बहुधा जावा असते, ‘पीएचपीसेसआयडी’ दिसली तर पीएचपी. एलिक्सरमध्ये संकेतस्थळे बांधण्याच्या फिनिक्स या फ्रेमवर्कमधील लाइव्हव्ह्यू हा भाग वापरून पान तयार केलेले असेल, तर त्याच्या एचटीएमएलमध्ये ‘पीएचएक्स’ ही अक्षरे असलेले गुणधर्म जागोजागी आढळतात. मात्र ही तपासणी कंपनीच्या मुखपृष्ठावर करू नये. ते पुष्कळदा जाहिरात विभागाने वर्डप्रेसवर उभे केलेले असते आणि मूळ उत्पादनाशी त्याचा काही संबंध नसतो. ग्राहक जेथून लॉगिन करतो, ते पान तपासावे.

तुमच्या बाबतीत अडचण अशी, की एलिक्सर अनेकदा पडद्यामागेच राहते. ते ज्या आभासी यंत्रावर (कोड चालवणाऱ्या प्रणालीवर) चालते ते मूळ अर्लँग या भाषेचे. एरिक्सन या स्वीडिश दूरसंचार कंपनीत १९८६ च्या सुमारास दूरध्वनी यंत्रणांसाठी या भाषेचे काम सुरू झाले आणि १९९८ मध्ये ती सर्वांसाठी खुली झाली. एकाच वेळी असंख्य जोडण्या सांभाळणे हे तिचे बलस्थान असल्यामुळे व्हॉट्सअ‍ॅपने अर्लँग निवडली आणि डिस्कॉर्डने एलिक्सर. पण यांपैकी कोणाच्याही पानावर कुकी पाहून तुम्हाला ते कळले नसते.

म्हणून मी जाहिरातींकडेच परत जाईन, फक्त शोधाचा शब्द बदलून. भाषेचे नाव भरती विभागातील कोणीही यादीत घालू शकतो. पण ‘एक्टो’ (डेटाबेससाठीची लायब्ररी), ‘ओबान’ (मागे चालणारी कामे हाताळणारी लायब्ररी), ‘ओटीपी’ (पासवर्ड नव्हे, अर्लँगसोबत येणारा लायब्रऱ्यांचा संच) किंवा ‘बीम’ (वर सांगितलेले आभासी यंत्र) हे शब्द ज्या जाहिरातीत येतात, ती लिहिताना रोज त्या कोडमध्ये वावरणारे कोणीतरी शेजारी बसलेले असते. जाहिरातीतील क्रियापदेही पाहावीत. ‘परिचय असल्यास प्राधान्य’ आणि ‘सध्याची सेवा सांभाळावी लागेल’ या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. शिवाय मुदत संपलेल्या जाहिराती टाकून देऊ नयेत, कारण जागा भरली जाते, पण एकदा लिहिलेला कोड वर्षभरात कोठे जात नाही. हॅकर न्यूज या तंत्रज्ञानविषयक चर्चेच्या संकेतस्थळावर दर महिन्याला निघणाऱ्या भरतीच्या धाग्यात कंपन्या बहुधा तंत्रज्ञानांची नावे स्वतःच देतात आणि जुने धागेही वाचायला मिळतात. वर्ष-दीड वर्षाचे धागे चाळले, तर पुन्हा पुन्हा येणारी नावे आपोआप वर येतात.

दुसरी वाट उलट दिशेची, म्हणजे तंत्रज्ञानाकडून कंपनीकडे जाणारी, आणि माझ्या मते तीच अधिक खात्रीची. एलिक्सरच्या अधिकृत संकेतस्थळावर ती वापरणाऱ्या कंपन्यांचे अनुभव दिलेले आहेत. हेक्स या पॅकेज-भांडारात एखादे पॅकेज (इतरांना वापरता येईल असा तयार कोड) उघडून गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावरील त्याच्या पानावर जावे आणि ते व्यक्तीच्या नावावर आहे की कंपनीच्या, हे पाहावे; स्वतःचे पॅकेज सांभाळणारी कंपनी ती भाषा हौसेखातर वापरत नसते. एलिक्सरच्या परिषदांतील वक्ते कोठे काम करतात, हेही कार्यक्रमपत्रिकेवर बहुधा लिहिलेले असते. अनेक मुक्तस्रोत प्रकल्पांच्या कोडसोबत तर ‘अ‍ॅडॉप्टर्स’ नावाची फाइलच असते आणि वापरणाऱ्या संस्था तीत आपली नोंद करतात.

एवढे करूनही फसगत होऊ शकते. मी एकदा जाहिरातीतील नवी भाषा पाहून एका ठिकाणी रुजू झालो आणि पहिले सहा महिने पर्ल या जुन्या भाषेतल्या स्क्रिप्ट जगवण्यात गेले; नवी भाषा खरोखरच होती, पण दुसऱ्या टीमकडे. तेव्हापासून मी मुलाखतीत एकच प्रश्न विचारतो : ‘मी ज्या टीममध्ये येणार आहे, तिने गेल्या महिन्यात या भाषेतला कोणता बदल प्रॉडक्शनवर, म्हणजे ग्राहक वापरतात त्या यंत्रणेवर, नेला?’ उत्तर देताना समोरचा अडखळला, की समजून घ्यावे.

नऊ वर्षांची जावा लपवू नका. एलिक्सर जाणणारे उमेदवार मुळात थोडे असल्याने या कंपन्यांना अन्य भाषांतून आलेली माणसे घ्यावीच लागतात, आणि मोठी यंत्रणा कशी कोसळते हे पाहिलेला माणूस त्यांना हवाच असतो.

प्रश्न : मला ‘गो’ भाषेतील काम हवे आहे, पण हा शब्द शोधला की इंग्रजीतील प्रत्येक ‘जा’ समोर येतो. काय करावे?

उत्तर : ‘गोलँग’ असे शोधावे, नावाची ही पंचाईत जुनीच असल्याने जाहिरात देणारेही बहुधा तोच शब्द वापरतात. तेही अपुरे वाटले तर सोबत ‘जीआरपीसी’ किंवा ‘कुबरनेटिस’ ही गोसोबत बहुधा येणाऱ्या तंत्रज्ञानांची नावे जोडावीत. रस्ट या भाषेसाठी ‘टोकियो’ हे लायब्ररीचे नाव जोडून पाहता येते, मात्र इंग्रजीत त्याचे स्पेलिंग त्या शहराच्या नावाहून वेगळे, शेवटी ‘आयओ’ असलेले आहे.