टी-डब्ल्यूच्या घरातले शब्द

सोलापूर

प्रिय बाळ,

रोज २० इंग्रजी शब्द, समोर अर्थ, अशी पानं तू भरतेस आणि आठवड्यानं त्यातले चार-पाच उरतात. दोष तुझ्या डोक्याचा नाही. शब्द एकेकटा पाठ होतो, त्याला शेजारपाजार नसतो. म्हणून ती यादी आता थांबव आणि एकाच घरातले शब्द घे: टी-डब्ल्यू ही जोडी ज्यांच्यात आहे असे छोटे शब्द. यातल्या बऱ्याच शब्दांच्या पोटात 'दोन' दडलेले आहेत.

घरातला थोरला म्हणजे 'टू', दोन. यातला डब्ल्यू बोलताना ऐकू येत नाही, म्हणून घाईत टी-ओ-डब्ल्यू लिहिलं जातं. तो 'टो', म्हणजे बंद गाडी ओढून नेणं. हा डब्ल्यू पूर्वी उच्चारात होता. पुढं जिभेवरून गेला, लिहिण्यात राहिला. आपल्याकडंही तेच झालं: 'द्व'मधला व 'दोन'मध्ये उरला नाही, आणि 'द्वादश'चं 'बारा' होताना द गळाला. शिवाय संस्कृतात द तिथं इंग्रजीत टी, हा मेळ पुन्हा पुन्हा दिसतो: दश आणि टेन, दंत आणि टूथ, द्व आणि टू. हे ध्यानात आलं की डब्ल्यूची जागा चुकत नाही.

आता पूर्व भागात, आपल्या सोलापुरातल्या विणकरांच्या वस्तीत जा, हे घर तिथं हाताला लागेल. मागावरच्या डबल यार्नचा वीतभर दोरा माग. एक टोक चिमटीत घट्ट धर, दुसरं पिळाच्या उलट फिरव. दोन पदर सुटे होतील. सुतावर २/२० लिहिलेलं असतं ते हेच: २० काउंटचे दोन धागे एकत्र पिळलेले, म्हणजे जाडीला साधारण १० काउंट. काउंट हा सुताच्या बारीकपणाचा आकडा, तो जितका लहान तितकं सूत जाड. 'ट्वाइन' मुळात हाच दुपदरी दोरा. आज सुतळीलाही ट्वाइन म्हणतात. पीळ तो 'ट्विस्ट'. आणि 'ट्विल' हे कापड? शब्दशः दुसूती, दोन सुतांचं. पण इथं जपून. आपली दुसूती विणीला साधी असते, तर ट्विलची ओळख तिरकी रेघ. जीन्सचा पाय उजेडात धर, ताण्याचा, म्हणजे उभा धागा बहुधा तीन बाण्यांवरून, म्हणजे आडव्या धाग्यांवरून, आणि एकाखालून जाताना दिसेल. नावात दोन आहेत म्हणून विणीत दोनच मोजत बसू नकोस.

बाकीचे भराभर. 'ट्विन' म्हणजे जुळ्यांतलं एक. दोघं मिळून 'ट्विन्स', म्हणून जुळ्या भावाला 'ट्विन्स ब्रदर' म्हणू नये. 'ट्वाइस' दोनदा. 'ट्विग' डहाळी, तिच्या फाट्यात दोन. 'बिट्वीन'च्या मधोमध तीच जोडी बसलेली. 'ट्वायलाइट' संधिप्रकाश, आपण तिन्हीसांज म्हणताना तीन मोजतो, तिथं दोन आहेत, हे मला फार आवडतं. 'ट्वेल्व्ह' म्हणजे दहा मोजून दोन उरले ते. 'बारावा' लिहिताना मात्र व्ही जाऊन एफ येतो: टी-डब्ल्यू-ई-एल-एफ-टी-एच. बोलताना तो एफ दबतो, म्हणून लिहिताना हमखास सुटतो.

घरात उपरेही आहेत. 'ट्वीक' आणि 'ट्विच' ही एकमेकांची भावंडं, चिमटा नि हिसका यांतली. दोनशी नातं नाही. 'ट्वँग' तारेच्या आवाजावरून आला. सगळ्यात फसवा 'ट्वीझर्स', म्हणजे बारीक चिमटा. त्याला दोन पाय असतात, म्हणून कुणालाही वाटेल की हा घरचाच. पण तो छोट्या पेटीच्या 'एत्वी' या फ्रेंच नावावरून आला. अशी अवजारं त्या पेटीत ठेवत.

उच्चाराचं एक. 'टुविन' नको. टी म्हणण्याआधीच ओठ शीळ घालताना करतो तसे गोल कर, खालचा ओठ दातांना लागू देऊ नकोस. मधला उ आपोआप जाईल.

वहीच्या पानावर दोन रकाने आख, 'घरचे' आणि 'उपरे'. नवा शब्द आला की आधी अर्थात दोन शोध, मग शब्दकोशातली व्युत्पत्ती बघ, आणि मगच रकाना ठरव. पहिल्या आठवड्यात १२ शब्द पुष्कळ झाले. 'ट्वीड' मी मुद्दाम सांगत नाही. कापडाचंच नाव आहे, स्कॉटलंडात त्या नावाची नदीही आहे. तो कुठल्या रकान्यात गेला आणि का, ते मला लिहून कळव.

तुझे,
सर