आप्पा रात्री बडबडतात

प्रश्न : आप्पा ७८ वर्षांचे, सारा जन्म यंत्रमागावर गेला. न्यूमोनिया झाला म्हणून दवाखान्यात चालत गेले; आता उठवत नाही, रात्री ‘माग बंद करा’ म्हणून ओरडतात. वेड लागलं का?
– एक लेक, सोलापूर

उत्तर : नाही ताई, हे वेड नव्हे, डिलिरियम, म्हणजे आजारपणात उडणारा मनाचा गोंधळ, आहे असं दिसतं. आजार, औषधं, मोडलेली झोप यांतून अचानक होतो, बहुतेकदा उतरतो. पण डॉक्टरांना आजच सांगा. तुंबलेली लघवी, घटलेलं सोडियम, झोपेची गोळी, काहीही कारण असू शकतं. चष्मा, कानाचं यंत्र, कवळी घरी राहिली असेल तर आधी ती न्या. मागावरून वाद घालू नका, हात धरून बसा. पडून पडून म्हातारपणी मांड्या फार लवकर वाळतात, म्हणून डॉक्टरांना विचारून रोज खुर्चीत बसवा. भाकरी दुधात कुस्करून, ताठ बसवूनच भरवा. नळ्या ओढतात म्हणून दवाखान्यातले लोक हात बांधू म्हणाले, तर लघवीची नळी असल्यास ती काढता येईल का, हे आधी विचारा.