पांढरा पडलेला ॲनिमोन: आधी घाई सोडा

खाऱ्या पाण्याच्या टाकीतला ॲनिमोन (फुलासारखा दिसणारा समुद्री प्राणी) पांढरा पडलाय, काय करू, असं विचारत तुम्ही टाकलेला फोटो पाहिला. तुमचा बबल-टिप, म्हणजे फुगीर टोकांचा ॲनिमोन, पांढराफटक झालाय, पण पाय दगडाला घट्ट धरून आहे आणि तोंड मिटलेलं आहे. म्हणजे आशा आहे. त्याच्या अंगात राहून उजेडावर अन्न बनवणारं सूक्ष्म शेवाळ गेलंय, ते परतेपर्यंत त्याला भरवायचं काम तुमचं.

नवखे हमखास करतात ती चूक म्हणजे लाइट फुल्ल करणं. नको. निम्म्यावर ठेवा, मग काही आठवड्यांत थोडाथोडा वाढवा.

भरवताना मायसिस (कोळंबीसारखे इवलेसे जीव) किंवा कोळंबीचा बारीक तुकडा, आठवड्यातून दोन-तीनदा. मी पहिल्यांदा मायेपोटी अख्खी कोळंबी दिली होती. दुसऱ्या दिवशी बुळबुळीत गोळा बाहेर! ॲनिमोनमध्ये राहणारा क्लाउनफिश मासा घास पळवत असेल तर ॲनिमोन खाईपर्यंत वर जाळीची टोपली पालथी घाला.

- पाण्याची सापेक्ष घनता (खारटपणाचं माप) १.०२५, तापमान २५-२६ अंश. रोज तेच.
- जागा बदलू नका, त्याला हवं तर तो स्वतः सरकेल. सरकताना पंपात ओढला जाऊ नये म्हणून पंपाला जाळी हवीच.
- बाटलीतली ‘औषधं’ अजिबात नकोत.

तोंड उघडं पडून आतलं लोंबायला लागलं आणि कुजका वास आला, तरच बाहेर काढा. नाहीतर काही महिने धीर धरा. आधी फिकट तपकिरी झाक दिसेल, तेव्हा फोटो टाका.